स्थळ क्रमांक चार

बाहेर उणे एकेचाळीस.
आत गोल सभागृह, मधोमध पांढऱ्या अस्वलाचं कातडं,
आणि काचेमागे मी, कानांवर हेडफोन,
बोललेलं सगळं लिहून काढणारी.
काम सोपं आहे:
खोकला गाळायचा. 'अं' गाळायचा.
हशा कंसात.

दोन वाजून बारा मिनिटांनी डेल्फिन तात्सी उभ्या राहिल्या.
"सभापती महोदय, नाताळच्या आदल्या रात्री
आमच्या गावचं डिझेल जनरेटर बंद पडलं.
मुठीत मावेल एवढा सुटा भाग
सहाव्या दिवशी विमानाने आला,
कारण ज्याला कंत्राट दिलंय त्याचं गोदाम
दोन हजार किलोमीटर दक्षिणेला.
नोएल एझो गावातच होता.
त्याने ते यंत्र आजवर नऊ वेळा उघडलंय, उघड्या हातांनी.
पण निविदेत तो बसत नाही.
माझा प्रश्न असा, की स्थानिक म्हणजे कोण?"

मंत्र्यांनी सन्माननीय सदस्यांचे आभार मानले.
व्याख्या परिशिष्ट 'क' मध्ये आहे, म्हणाले,
ज्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता या प्रदेशात, ती स्थानिक.
पत्ता आहे. टपालपेटी क्रमांक एकशे अठरा.
तळहाताएवढं दार.
त्यातून माणूस आत जात नाही,
बिल मात्र बाहेर येतं.
(हे मी लिहिलं नाही.
हे कुणी बोललंच नव्हतं.)

"आणि डिझेल नकोच असेल," मंत्री म्हणाले,
"तर स्थळ क्रमांक चार आहे.
स्वच्छ वीज, एकशे वीस रोजगार,
मूलनिवासींना दहा टक्के भागीदारी.
सल्लामसलत पूर्ण झाली आहे. तीन बैठका.
तिसऱ्या बैठकीचा हजेरीपट पटलावर ठेवतो."

डेल्फिनबाईंनी चष्मा लावला. पट वाचला.
"तिसऱ्या बैठकीच्या आठवड्यात सगळं गाव
करिबूंच्या मागे गेलं होतं, महोदय.
इथे सही एकच आहे.
ही सल्लागारांना घेऊन आलेल्या वैमानिकाची.
तो कॉफी प्यायला आत बसला होता."

(हशा.)

तेवढ्यात वर, प्रेक्षकांच्या सज्जात,
नोएलची मावशी मादलेन उठली.
सज्जातून बोलायचं नसतं. शिपाई निघालाच होता.
ती ओरडली नाही. तिने फक्त
त्या जागेचं नाव घेतलं. एकदाच.
मग मफलर नीट करून खाली बसली.

मला ते नाव ठाऊक आहे. आई घ्यायची.
नदी जिथे हिवाळ्यातही झोपत नाही
ती जागा; जिथे फेब्रुवारीतही
बर्फ न फोडता जाळं टाकता येतं,
आणि आजोबांनी जिथे
उपासमारीचं एक अख्खं वर्ष काढलं.
एवढं सगळं चार आवाजांत.
शेवटचा आवाज घशातच अडवायचा,
घोट गिळता गिळता थांबल्यासारखा.

नियमाप्रमाणे: 'सज्जात व्यत्यय.'

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी ध्वनिमुद्रण मागे नेलं. पुन्हा नेलं.
त्या शेवटच्या आवाजाचं अक्षर
माझ्या संगणकात नाही.
दोन वर्षांपूर्वी मी रीतसर मागणी केली होती.
खरेदी विभागाचं उत्तर आलं,
सोबत तीन पुरवठादारांची दरपत्रके जोडावीत.
त्या अक्षराचे तीन पुरवठादार
मला अजून सापडलेले नाहीत.
एक सापडली होती.
ती वर मफलर नीट करत होती.

'व्यत्यय' लिहिलं. पुसलं.
चार अक्षरांची जागा मोकळी सोडली
आणि दिवा मालवून घरी गेले.
वाटेत जनरेटरची घरघर, नेहमीचीच,
जी आम्हाला ऐकू येते फक्त थांबल्यावर.

सकाळी छापखान्यातून फोन.
"बाई, पान सदतीसवर मध्येच कोरं आहे.
तिथे काही राहिलंय का?"

हो, म्हटलं.
राहिलंय.